संगणकाला कायमची लस टोचता येईल काय?

अकोला, प्रतिनिधी

संगणक विषाणू हा सजीव नव्हे. दुसऱ्या प्रोग्रामला चिकटून स्वतःच्या प्रती काढणारा, माणसानेच लिहिलेला तो एक प्रोग्राम होय. मग माणसाला त्याचा कायमचा बंदोबस्त का करता येऊ नये?

याचे उत्तर गणिताने दिले आहे. एखादा प्रोग्राम विषाणू आहे की नाही, हे दर वेळी अचूक सांगणारा परीक्षक-प्रोग्राम तयारच होऊ शकत नाही, असे अमेरिकेतील फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. असा परीक्षक आहे असे मानले, तर त्याचा निकाल आधी विचारून नेमके उलट वागणारा प्रोग्राम लिहिता येतो. परीक्षकाने ‘निर्दोष’ म्हटले की तो पसरतो, ‘विषाणू’ म्हटले की गप्प बसतो! साधे कॅल्क्युलेटर मात्र सुरक्षित असते, कारण त्यात नवा प्रोग्राम घालताच येत नाही. पण असा संगणक विकत कोण घेईल?

वऱ्हाडातील वाचकांना हे नवे वाटू नये. बोंडअळीला रोखणारे जनुक बियाण्यातच असलेल्या बीटी कपाशीला २००२ मध्ये देशात परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळीने त्यावर मात केली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीचे अतोनात नुकसान झाले. अळी तरी नकळत बदलते. विषाणू लिहिणारा लस समोर ठेवूनच लिहायला बसतो.

त्याच वर्षी जून महिन्यात ‘नॉटपेट्या’ने न्हावाशेवा येथील जेएनपीटी बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज ठप्प केले. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून तो जगभर पसरला होता. म्हणजे चोर पहारेकऱ्याच्याच वेषात आला.

यंत्रमानवाबाबत धोका अधिक गंभीर आहे. संगणकात माहिती नासते. यंत्रमानवाला हात असतात. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने इराणच्या नतांझ येथील अणुकेंद्रातील यंत्रे बिघडवली, तीही इंटरनेटपासून तोडलेली असताना. पेन ड्राइव्हमधून त्याचा शिरकाव झाला, असे मानले जाते.

तेव्हा लस शोधण्यापेक्षा नुकसान आवरणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत संगणकापासून वेगळी काढून ठेवावी. यंत्रमानवाजवळ तातडीने थांबविण्याचे लाल बटण असावे आणि ते सॉफ्टवेअरवर विसंबून न राहता थेट वीजपुरवठा तोडणारे असावे.