बाळूचा चेंडू

१९७५च्या आसपासची गोष्ट. आमचं गाव पैठण तालुक्यातलं. ज्वारी निघाली की मोकळ्या रानात आमचं क्रिकेट सुरू व्हायचं. वस्तीवरचा एक पोरगा होता, डावखुरा. त्याचा चेंडू टप्पा पडला की असा वळायचा की आमच्या दांड्या गुल! उन्हं कलेपर्यंत त्यानं नुसती बॉलिंग करायची. त्याच्या बॅटिंगची पाळी यायची ती दिस मावळल्यावर. तहान लागली की आम्ही माठात तांब्या बुडवायचो, त्याच्या ओंजळीत मात्र पाणी वरून ओतायचो. ओतणारा पुष्कळदा मीच असायचो.

दहावीनंतर मी शेतीला लागलो. तो औरंगाबादला नागसेनवनात शिकला, मास्तर झाला. परवा भेटला तर पाळवणकर बाळूचं नाव घेतलं. मी ऐकलेलंही नव्हतं. मग मिळेल ते वाचून काढलं.

बाळूचा जन्म १८७६चा, धारवाडचा. जात चांभार, बाप फौजेत. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, जाळी बांधायची, हे त्याचं काम. तिथं ग्रेग नावाच्या साहेबाला तो तासन्‌तास चेंडू टाकायचा. बाद केलं की साहेब आठ आणे द्यायचा म्हणतात. बॅट मात्र त्याच्या हाती कुणी दिली नाही.

पुढं पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा बाळू आठवला. मैदानात त्यानं टाकलेला चेंडू सगळे झेलायचे. चहाला मात्र तो मंडपाच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळा. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे!

प्लेगच्या काळात तो मुंबईला गेला. क्रिकेटवर पोट भरायचे ते दिवस नव्हते. रेल्वेत नोकरी करून तो खेळला. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्या संघात बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम दोघंही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीत हिंदी संघ विलायतेला गेला. संघ सामन्यामागून सामने हरला, पण बाळूनं त्या दौऱ्यात ११४ गडी टिपले. त्याच्या तोडीचा दुसरा गोलंदाज संघात नव्हता.

एवढं करूनही हिंदूंची कप्तानी त्याला कधीच दिली नाही. १९२० साली पाळवणकर भावांनी त्यावर भांडण मांडलं, तेव्हा कुठं बाळू उपकप्तान झाला. चव्वेचाळीस वर्षांचा. १९२३ साली धाकटा भाऊ विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदू संघ जिंकला. १९३७च्या निवडणुकीत बाळू खुद्द डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभा राहून पडला. ४ जुलै १९५५ला तो गेला.

आपल्याकडं ज्याच्याकडून राबून घ्यायचं, त्याला कामापुरतं जवळ करायचं, ही रीत जुनीच. बाळूची गोष्ट वाचताना मला तांब्या धरलेला माझा हातच दिसत होता.

मास्तरांना विचारलं, "ते पाणी आठवतं का रे?"

ते हसले. "तुझा नेम चांगला होता. एक थेंब सांडायचा नाही."

मग हॉटेलवाल्यानं दोन कप आणले, दोन्ही सारखे. मला मात्र चहा लवकर गिळवेना.