उंबऱ्याआतील माणसे

गोरेगाव स्थानकाच्या पूर्वेस उतरून आरे रस्त्याने चालू लागले की सेंट पायस सेमिनरीचे आवार लागते. याच आवारात आमची धर्मगुरुपदाची घडण झाली. नीतिशास्त्राच्या तासाला मद्यपानाचा विषय निघे तेव्हा पिणाऱ्याच्या अपराधाचे मोजमाप आम्ही मोठ्या हिरिरीने करीत असू. त्याची इच्छा किती, सवय किती, जबाबदारी किती! त्याच्या घरी ताट झाकून बसलेल्या स्त्रीविषयी आम्ही कधी शंका विचारल्याचे आठवत नाही. यात गुरुजनांचा दोष नव्हता. विचारावे असे आम्हांलाच सुचले नाही.

दीक्षेनंतर काही वर्षांनी गोरेगावातच सेवेला असताना अशी एक स्त्री आमच्यासमोर येऊन बसली. यजमान कारखान्यात होते. पगाराच्या दिवशी ते रात्री उशिरा येत, दुसऱ्या दिवशी उठत नसत आणि मग ही बाई कोपऱ्यावरच्या दुकानातून फोरमनला फोन करून, त्यांना ताप आहे, असे सांगत असे. मुलांनाही तेच सांगायला शिकवले होते. आम्ही तिला संत मोनिकेचा दाखला दिला, सोसण्याचा व प्रार्थनेचा उपदेश केला आणि यजमानांना बोलावून क्रुसासमोर शपथ घ्यायला लावली. शपथ पास्काच्या सणापर्यंत टिकली. पुढे नात्यातल्या एका लग्नात, उंबराच्या पाण्याच्या रात्री, ती मोडली. खिमाडाचा पेला पुढे करणारे हात घरच्याच माणसांचे होते. बाई पुन्हा आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “फादर, माझं प्रार्थनेत काही कमी पडलं का?”

त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधताना जो इतिहास हाती लागला, तो धर्मग्रामातील कुटुंबांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

शपथेचा मार्ग आम्ही काही नव्याने काढला नव्हता. १८३८ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क शहरी फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कपुचिन धर्मगुरूंनी संपूर्ण मद्यत्यागाची शपथ देण्यास प्रारंभ केला व लक्षावधी लोकांनी ती घेतली. १८९८ मध्ये येशूसंघीय फादर जेम्स कलन यांनी डब्लिनमध्ये पायोनियर संघटना स्थापन केली. तिचे सदस्य स्वतः मद्य वर्ज्य करून तो त्याग मद्यासक्तांसाठी प्रभूच्या पवित्र हृदयाला अर्पण करीत. दोन्ही चळवळी थोर होत्या, पण दोहोंची नजर पिणाऱ्यावर होती. घरातील माणसे ओघाने सुखी होतील, असे गृहीत धरले होते.

आपल्याकडे तर सरकारनेच शपथ घेतली! १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून शहर कोरडे झाले, निदान कागदावर. त्या काळातील ‘आंटीचे अड्डे’ वडीलधाऱ्यांना आठवत असतील. त्यांतील पुष्कळशा आंटी आपल्याच समाजाच्या होत्या, हे लिहिताना लेखणी अडखळते. परंतु चूल पेटावी म्हणून भट्टी पेटवणाऱ्या त्या बायांवर दगड उचलण्याआधी त्यांच्या घरचे कमावते पुरुष कोठे होते, हेही विचारले पाहिजे. पुढे कायदा सैल झाला, तरी हातभट्टीचे विष उरलेच. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. गोरेगावच्या शेजारचीच ही घटना.

मुंबईत दारूबंदी असतानाच, १९५७ साली, ‘अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या बंधुसंघाचे काम येथे सुरू झाले. जे शहर कायद्याने पीतच नव्हते, त्या शहरात दारू सोडू इच्छिणाऱ्यांना एकमेकांची गरज भासावी, यावर वेगळे भाष्य नको. या संघाचा उगम १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी झाला. बिल विल्सन हा शेअरबाजारातील माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही मद्याने पोळलेले. एक मद्यपी दुसऱ्या मद्यपीशी मोकळेपणाने बोलला तर दोघेही सावरू शकतात, हा त्यांना आलेला अनुभव. तेथील सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी अशा रुग्णांसाठी दार उघडले, ही आपल्या ख्रिस्तसभेला भूषणावह गोष्ट.

आमचे मन मात्र बिलच्या पत्नीपाशी, लोइस विल्सनपाशी, थबकते. सतरा वर्षे तिने पतीची दारू सोसली, स्वतः नोकरी करून घर चालवले. अखेर तो सुटला. आता सुख यायचे, तर एके दिवशी, “चल, सभेला उशीर होतोय,” असे तो सहज म्हणाला आणि या शालीन बाईने पायातील जोडा त्याच्या दिशेने भिरकावला! नंतर तिचे तिलाच नवल वाटले. मग उमगले की, त्याला सुधारणे हेच तिचे जीवन झाले होते. ते काम इतरांनी केले आणि ती रिकामी उरली. राग दारूवर नव्हता, आपल्या जागी आलेल्या सोबत्यांवर होता. १९३९ मध्ये संघाचा ग्रंथ निघाला, त्यात पत्नींना उद्देशून एक प्रकरण आहे. तेही बिलने स्वतःच लिहिले. लोइसला ते लिहू दिले नाही, याचे शल्य तिला दीर्घकाळ होते. बायकांचे दुःखही नवऱ्यांनीच सांगायचे, हा रिवाज केवळ आपल्याकडचा नव्हे, एवढेच त्यातून कळते.

नवरे सभेत बसत तेव्हा बायका स्वयंपाकघरात कॉफी करीत थांबत. तेथे बोलणे निघे. आधी नवऱ्यांचे, मग हळूहळू स्वतःचे. अशी मंडळे गावोगावी आपोआप उगवली होती. १९५१ मध्ये लोइस व तिची मैत्रीण अ‍ॅन यांनी ८७ ठिकाणी पत्रे धाडून त्यांना एकत्र गुंफले आणि ‘अल-अ‍ॅनॉन’ हा कुटुंबीयांचा व मित्रांचा संघ आकारास आला. मूळच्या बारा पायऱ्या त्यांनी जशाच्या तशा ठेवल्या; केवळ बारावीत ‘मद्यासक्तांना’ या शब्दाच्या जागी ‘इतरांना’ असा बदल केला. पहिल्या पायरीला हातही लावला नाही. म्हणजे जिने आयुष्यात थेंब घेतला नाही तीही म्हणते की, दारूपुढे मी हतबल आहे. आम्हांला हे वाक्य प्रथम खटकले होते. फोरमनला खोटे बोलणारी ती बाई आठवली तेव्हा कळले. १९५७ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी ‘अ‍ॅलाटीन’ निघाले आणि मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांच्या घरच्यांसाठी पुढे ‘नार-अ‍ॅनॉन’.

सभेची रीत अगदी साधी असते. वर्तुळात खुर्च्या. नाव सांगायचे ते पहिलेच, आडनाव नाही. फी नाही, एक पिशवी फिरते, तीत ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे टाकावे. बाहेरची देणगी स्वीकारली जात नाही. एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्येच कोणी सल्ला देत नाही. सल्ला देणे हाच ज्यांचा पेशा, त्या आमच्यासारख्यांना ही शिस्त कठीणच. नवऱ्याला सोडावे की राहावे हेही तेथे कोणी सांगत नाही. जे शिकवले जाते ते एवढेच की, हे दुखणे मी आणलेले नाही, माझ्या धाकाने ते थांबणार नाही आणि माझ्या सेवेने बरेही होणार नाही. मात्र मी स्वतः सावरू शकते.

महाराष्ट्रात हा विचार अन्य वाटांनीही रुजला. १९८१ मध्ये फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा’ संस्थेचा पाया घातला. १९८६ मध्ये, गर्दने मुंबई-पुण्यातील तरुणांना घेरले असता, डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तेथे पत्नींसाठी चालणाऱ्या गटाचे नाव ‘सहचरी’. व्यसनी माणूस हॉलमध्ये बरा होतो आणि घरी परतल्यावर जुन्याच संशयाच्या भिंतीवर आदळतो, हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांनाच असा गट सुचतो.

आता मोनिकेविषयी. आपण तिचे अश्रू सांगतो, पण संत ऑगस्टिनने ‘कबुलीजबाबा’त आणखी एक प्रसंग नोंदवला आहे. नवऱ्याच्या माराचे वळ तोंडावर घेऊन शेजारणी एकत्र येत, आपापले दुःख सांगत आणि मोनिका त्यांत बसे. तिने त्यांना दिलेला नमते घेण्याचा सल्ला आम्ही आज कोणाही भगिनीला देणार नाही. जेथे मार आहे तेथे आधी सुरक्षित जागा शोधावी. मात्र त्या बायका एकमेकींना वळ दाखवू शकत होत्या, हे आम्ही तो ग्रंथ अनेकदा वाचूनही पाहिले नव्हते. मोनिका एकटी रडली, असेच आम्ही प्रवचनातून सांगत आलो.

त्या बाईंना अशा सभेची वाट आम्ही दाखवली नाही. त्यांच्या चाळीतल्या एका शेजारणीने एका शनिवारी शाळेच्या वर्गात भरणाऱ्या सभेला नेले. काही महिन्यांनी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “फादर, मी आता फोन करीत नाही.” आम्हांला आनंद झाला नाही. यजमानांची नोकरी गेली तर, अशी भीती वाटली. तसे आम्ही बोलूनही दाखवले. नोकरी खरोखरच गेली. बाईंनी शिवणकाम वाढवले, मुलांना खरे सांगितले, मुले शिकली. यजमान दोनदा उपचार घेऊन आले व दोनदा परतले. तिसऱ्या खेपेस यकृताने साथ सोडली.

अंत्यविधीच्या मिस्सेला मागच्या बाकांवर दहाबारा बायका बसल्या होत्या. काही जणी कुंकू लावलेल्या, एक बुरखा घेतलेली. केव्हा उठावे, केव्हा बसावे हे पुढच्यांकडे पाहून ठरवीत होत्या. धर्मग्रामातील कोणीच त्यांना ओळखत नव्हते. दफनविधी आटोपल्यावर त्यांतील एक चर्चच्या दाराशी लावलेल्या सूचनाफलकापुढे उभी राहून मृताचे नाव सावकाश वाचत होती. आम्ही जवळ गेलो तेव्हा वळून म्हणाली, “सात वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसते मी तिच्या. आडनाव आज कळलं.”