बिली जीन किंग कप म्हणजे काय? बार्शी-श्रीरामपूरच्या मुली जी स्पर्धा खेळल्या तिची माहिती

मोबाईलवर खेळाच्या बातम्या बघताना 'बीजेके कप' असं नाव अधूनमधून येतं. बरेच जण ते क्लबचं किंवा कंपनीचं नाव समजून पुढं सरकवतात. महिला टेनिसमधली देशा-देशांची ही सगळ्यात मोठी सांघिक स्पर्धा आहे. पुरुषांचा डेव्हिस कप, तसा हा महिलांचा कप. आधी नाव होतं फेडरेशन कप, १९९५ पासून फेड कप आणि सप्टेंबर २०२० पासून बिली जीन किंग कप. नाव बदललं, स्पर्धा तीच. आपल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे या स्पर्धेत भारतासाठी खेळली आहे. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले पण.

एरवी टेनिसपटू स्वतःसाठी खेळते. विम्बल्डन जिंकलं तर कप तिचा, पैसे तिचे. इथं स्कोअरबोर्डवर देशाचं नाव असतं. संघाचा कॅप्टन खेळत नाही, कोर्टाच्या कडेला बसून चालू मॅचमध्ये खेळाडूला सूचना देतो.

एक लढत, तीन मॅच

आशिया गटात आणि अंतिम टप्प्यात दोन देशांची एक लढत म्हणजे तीन मॅच. पहिली मॅच दोन्ही संघांच्या दोन नंबरच्या खेळाडूंची. दुसरी एक नंबरच्या खेळाडूंची. तिसरी डबल्स, म्हणजे जोडीची. प्रत्येक मॅच तीन सेटची, दोन सेट जिंकणारी पुढं. तीनपैकी दोन मॅच जिंकल्या की लढत देशाच्या नावावर.

खरी गंमत या क्रमात आहे. एखाद्या देशाकडं जगातली पहिल्या पाचातली खेळाडू असली तरी ती एकटी फार तर एकेरीची एक मॅच जिंकून देणार. दुसरी मुलगी कच्ची असली तर हिशेब १-१ आणि सगळा भार डबल्सवर. कुस्तीत जोड लावावी तशी जोड इथं आधीच ठरलेली, तगड्या पोरीला समोरची कच्ची खेळाडू गाठून दोन गुण मारता येत नाहीत.

२०२५ ची फायनल बघा. चीनमध्ये शेन्झेनला इटली विरुद्ध अमेरिका. कागदावर अमेरिका भारी. पण पहिल्याच मॅचला इटलीच्या दोन नंबरच्या एलिसाबेत्ता कोच्चारेत्तोनं एमा नवारोला हरवलं. कोच्चारेत्तोचं जागतिक रँकिंग तेव्हा नव्वदीच्या आसपास, नवारो पहिल्या वीसमधली. मग जास्मिन पाओलिनीनं जेसिका पेगुलाला हरवलं आणि २-० वर विषय संपला, डबल्सची वेळच आली नाही. सेमीफायनलला युक्रेनविरुद्ध मात्र १-१ झालं होतं. तिथं डबल्सला पाओलिनीसोबत ३८ वर्षांची सारा एरानी उतरली आणि तिनं संघ बाहेर काढला. इटलीचा हा लागोपाठ दुसरा आणि एकूण सहावा कप. सगळ्यात जास्त, १८ वेळा, अमेरिकेनं जिंकलाय.

सुरुवात कशी झाली

पुरुषांचा डेव्हिस कप १९०० पासून आहे. महिलांसाठी तसंच काहीतरी व्हावं म्हणून अमेरिकेच्या हेझल वाइटमन १९१९ पासून मागं लागल्या होत्या. तेव्हा कुणी दाद दिली नाही. १९२३ ला फक्त अमेरिका आणि ब्रिटन एवढ्याच दोन देशांची वाइटमन कप स्पर्धा सुरू झाली. सगळ्या देशांची स्पर्धा यायला १९६३ उजाडलं, म्हणजे डेव्हिस कपनंतर ६३ वर्षं. आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनला ५० वर्षं झाली, त्या निमित्तानं लंडनच्या क्वीन्स क्लबवर ती भरली. १६ देश आले, सुरुवातीला आपापल्या खर्चानं. अमेरिकेनं ऑस्ट्रेलियाला २-१ हरवलं. त्या विजेत्या संघात बिली जीन मॉफिट नावाची १९ वर्षांची मुलगी होती. लग्नानंतर ती बिली जीन किंग झाली.

तिचं नाव स्पर्धेला दिलं ते नुसतं कप जिंकले म्हणून नाही. बायकांना पुरुषांपेक्षा कमी बक्षीस का, हा प्रश्न तिनं उघड विचारला. १९७३ ला महिला खेळाडूंची संघटना उभी केली. त्याच वर्षी यूएस ओपननं स्त्री-पुरुषांना सारखं बक्षीस दिलं. त्याच वर्षी तिनं बॉबी रिग्ज या माजी विम्बल्डन विजेत्यालाही सरळ तीन सेटमध्ये हरवलं. रिग्ज तेव्हा ५५ वर्षांचा होता हे खरं, पण 'बायकांचं टेनिस कमी दर्जाचं' असं तोच आधी बोलत फिरत होता!

भारत कुठं आहे

ही स्पर्धा शिडीसारखी आहे. शंभराहून जास्त देश उतरतात. खाली खंडांचे गट, भारत आशिया-ओशनिया गटात. तिथून वर आलं की प्लेऑफ, मग क्वालिफायर आणि शेवटी फायनल्स. २०२५ ला फायनल्समध्ये फक्त ८ संघ होते.

भारत प्लेऑफपर्यंत पहिल्यांदा पोचला मार्च २०२० मध्ये, दुबईला. सानिया मिर्झा, अंकिता रैना, ऋतुजा भोसले त्या संघात होत्या. पुढं एप्रिल २०२१ मध्ये लॅटव्हियानं आपल्याला ३-१ असं परत पाठवलं.

दुसरी संधी आली एप्रिल २०२५ मध्ये, तीही पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या कोर्टवर. सहा संघ होते. पहिलीच लढत न्यूझीलंडकडून गेली, नंतरच्या चारही भारतानं जिंकल्या आणि दुसरा नंबर घेतला. हैदराबादच्या श्रीवल्ली भामिदिपातीनं एकेरीच्या पाचच्या पाच मॅच जिंकल्या. प्रार्थना याच संघात, डबल्ससाठी. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानियासोबत ब्राँझ आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिक, हे तिचं आधीचं खातं. तालुक्याच्या गावातून निघालेली मुलगी डबल्स खेळते म्हणजे दुय्यम खेळते असं समजणाऱ्यांनी वरचा १-१ चा हिशेब परत वाचावा.

नोव्हेंबर २०२५ ला बेंगळुरूच्या प्लेऑफमध्ये समोर स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्स होते. तिथून भारत वर जाऊ शकला नाही, त्यामुळं पुन्हा आशिया-ओशनिया गटापासून सुरुवात. फायनल्सच्या पायरीवर आपला महिला संघ अजून एकदाही पोचलेला नाही.