कांदिवलीचा दगड आणि बॅकबेची भूमि

‘विषम’ ह्या संस्कृत शब्दाचा एक अर्थ ‘उंचसखल’ असा आहे. समाजांतील विषमतेचा विचार करितांना कांदिवलीच्या दगडाचा इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो. कारण त्यांत डोंगर उतरला, समुद्र भरला, परंतु माणसामाणसांतील उंचसखलपणा तसाच राहिला.

गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या अमदानींत, इ. स. १९२० मध्यें, मुंबई सरकारनें विकास खातें स्थापिलें. त्यापुढें दोन मोठीं कामें होतीं : बॅकबेचा समुद्र हटवून आठ खंडांत ११४५ एकर भूमि निर्माण करणें, आणि कामकऱ्यांसाठीं ५०,००० खोल्या बांधणें. समुद्रास घालावयाच्या बांधासाठीं दगड कांदिवलीच्या खाणींतून काढून आगगाडीनें दक्षिण मुंबईस नेण्यांत आला. आंतील भरावासाठीं बंदराच्या तळाचा गाळ उपसला.

पुढें खर्च फुगला, बांधांतून गाळ निसटूं लागला, आणि खुर्शेद नरिमन ह्यांनीं ह्या कारभारावर कडक टीका केली. १९२६ मध्यें चौकशी समिति नेमली गेली. अखेर आठांपैकीं चारच खंड पुरे झाले. तिकडे वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांत खोल्या सुमारें १६,००० व प्रत्येकीचें क्षेत्रफळ १६० चौरस फूट.

येथें थोडें गणित करूं. ह्या सर्व खोल्या जमिनीवर शेजारीं शेजारीं मांडल्या तर त्या जेमतेम ६० एकर व्यापतील. शिवाय, संकल्पित खंडांपैकीं निम्मे सिद्धीस गेले. संकल्पित खोल्यांपैकीं तिसरा हिस्साही नाहीं. कोणी म्हणेल, कित्येक खोल्या आरंभीं रिकाम्याच पडल्या होत्या, मग अधिक बांधाव्या कशास? परंतु मजुरास घराची गरज नव्हती असें नव्हे. भाडें त्यास परवडत नव्हतें. खातें एक, काळ एक. तरी तंगी आली तेव्हां कात्री अधिक कोठें लागली, हें वरील आंकड्यांवरून दिसतें. म्हणून ही विषमता केवळ दैवाची वा निसर्गाची मानणें आम्हांस युक्त वाटत नाहीं.

भरावाच्या त्या भूमीवरील मरीन ड्राइव्हच्या इमारतींस २०१८ मध्यें जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि तो यथायोग्यच होय. मात्र ह्या प्रकरणाच्या इतिहासांत लॉइड येतात, नरिमन येतात. कांदिवलीस सुरुंग लावणारे व दगड फोडणारे नांवानिशीं येत नाहींत. कांदिवली, मालाड, बोरिवली ह्या बाजूच्या जुन्या घराण्यांत त्या खाणीची हजेरीबुकें, मजुरीचे हिशेब वा पत्रें उरलीं असतील, तर तीं वाचकांनीं रद्दींत जाण्यापूर्वीं मंडळाच्या नजरेस आणावीं, अशी आमची विनंती आहे.