कण्याची वक्रता आणि उपचारांची पारख

डायनोसॉरच्या शोधाची गोष्ट वर्गात सांगताना गिडियन मँटेल हे नाव येतेच. हा इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातला डॉक्टर. रोगी तपासून उरलेल्या वेळात तो खाणींतून जीवाश्म गोळा करी. अशाच काही दातांवरून त्याने १८२५ साली ‘इग्वानोडॉन’ या प्रचंड शाकाहारी प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. इथवरची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र आपण सहसा सांगत नाही.

ऑक्टोबर १८४१ मध्ये मँटेलच्या घोडागाडीला अपघात झाला. तो लगामांत अडकून फरफटत गेला. त्यानंतर पाठीच्या दुखण्याने त्याची पाठ सोडली नाही. तो स्वतः डॉक्टर होता आणि नामांकित वैद्यांचा सल्लाही त्याला मिळत होता. कमरेजवळ आलेला उंचवटा म्हणजे गाठ असावी, असे निदान झाले. वेदना सोसवेना तेव्हा तो अफू घेई. नोव्हेंबर १८५२ मध्ये अफूची मात्रा जास्त झाली आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला.

शवविच्छेदनात गाठ सापडलीच नाही. विल्यम ॲडम्स या शल्यविशारदाला दिसला तो बाजूला वाकलेला आणि स्वतःभोवती पिळवटलेला कणा. मणक्यांचे बाजूचे काटे या पिळामुळे मागे वळले होते, आणि त्यांनाच सगळे गाठ समजत होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पाठीच्या मधोमध हाताला लागणाऱ्या काट्यांची रेघ पाहून आतली वक्रता एवढी असेल, असे कोणालाही वाटले नसते. ॲडम्सने यातून धडा घेतला. माणसाला उभे करून पाठ पाहणे पुरेसे नाही. त्याला पुढे वाकायला लावावे, म्हणजे पीळ असलेली बाजू उंचावून दिसते. १८६५ साली त्याने आपली व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुढे वाकवून पाहण्याची ही चाचणी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

मँटेलला नेमके काय झाले आहे हेच त्याच्या हयातीत कळले नाही. मग योग्य उपचार निवडणार कसा? उपचारांचा इतिहास पाहताना हा प्रश्न आपण मनात ठेवू.

शिडीपासून चिलखतापर्यंत

कण्याच्या बाजूच्या वक्रतेला स्कोलिओसिस म्हणतात. हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ वाकडेपणा. इ. स. पूर्व पाचव्या-चौथ्या शतकातल्या हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत या विकाराची चर्चा आहे. त्या काळी रोग्याला शिडीला बांधत, शिडी उंच उचलत आणि खाली आदळत. त्या धक्क्याने कणा सरळ व्हावा, ही कल्पना. ग्रंथकाराने ही पद्धत सविस्तर सांगितली आहे, पण तिने कोणाची पाठ सरळ झाल्याचे आपल्या पाहण्यात नाही, असेही स्पष्ट लिहिले आहे. असे वैद्य जमावाला थक्क करण्यासाठी हे करतात, असा त्याचा टोला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शंका आम्हाला त्या शिडीपेक्षा अधिक मोलाची वाटते.

सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आम्ब्रोआझ पारेने लोखंडी पत्र्याची कंचुकी सुचवली. चिलखते घडवणारे लोहार ती करून देत. वजन कमी व्हावे म्हणून पत्र्याला भोके पाडत. वाढत्या वयाच्या मुलांसाठी ती दर काही महिन्यांनी बदलावी, असे पारेने बजावले होते. वक्रता शरीराच्या वाढीबरोबर वाढते, हे त्याच्या नजरेने टिपले होते.

१७४१ साली निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने मुलांमधली व्यंगे टाळण्यावर पुस्तक लिहिले आणि त्यासाठी ‘ऑर्थोपेडिक्स’ या शब्दाचा मूळ फ्रेंच शब्द घडवला. सरळ आणि मूल या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. वाकड्या रोपट्याला खुंटाचा आधार देऊन दोरीने बांधलेले त्या पुस्तकातले चित्र आजही अस्थिरोगतज्ज्ञांच्या संस्थांचे बोधचिन्ह म्हणून दिसते. चित्र सुंदर आहे, पण त्याने एक गैरसमजही रुजवला. वाकडे बसल्याने कणा वाकडा होतो आणि ताठ बसवले की तो सरळ होतो, अशी समजूत पक्की झाली. त्याचा दोष पुढे शाळेच्या बाकांवर आला, मुलांच्या आळसावरही आला.

एक दावा आणि त्याची फेरतपासणी

१८३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये ज्यूल गेरँ याने नवीच शस्त्रक्रिया सुरू केली. पाठीचे स्नायू आखडल्यामुळे कणा वाकतो, असे त्याचे मत होते. त्वचेखालून बारीक सुरी घालून तो हे स्नायू कापी. यशाचे दावे मोठे होते. माल्गेन या शल्यविशारदाने मात्र एक साधे काम केले. गेरँने उपचार केलेल्या काही रोग्यांना त्याने पुन्हा तपासले. त्याला सुधारणा आढळली नाही. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली.

असाच प्रसंग शंभर वर्षांनी अमेरिकेत घडला. रसेल हिब्जने १९११ साली मणके एकमेकांना सांधून टाकण्याची शस्त्रक्रिया वर्णन केली होती. ती क्षयाने खचलेल्या कण्यासाठी होती. लवकरच वक्रतेसाठीही वापरली जाऊ लागली. जोडीला प्लास्टर, व्यायाम आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहणे हे उपाय होतेच. यांपैकी कशाचा किती उपयोग होतो? अमेरिकी अस्थिरोग संघटनेच्या समितीने ४२५ रोग्यांची पाहणी करून १९४१ साली अहवाल दिला. निष्कर्ष निराशाजनक होते. केवळ व्यायाम आणि पट्टे यांवर असलेल्यांपैकी बहुतेकांची वक्रता वाढलीच होती. मणके सांधलेल्या २१४ रोग्यांपैकी २९ टक्क्यांची मिळालेली सगळी सुधारणा नाहीशी झाली होती. आपल्या व्यवसायाच्या अपयशाचा असा हिशेब मांडायला धैर्य लागते.

मोजमाप आणि पोलादी सळ्या

१८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाचा कणा प्रथमच दिसू लागला. तरी ‘वक्रता किती’ हे सांगण्याची एकसारखी रीत नव्हती. जॉन कॉब याने १९४८ साली सुचवलेली रीत आपल्या भूमितीच्या तासाला शोभेल अशी आहे. सर्वांत कललेला वरचा मणका घ्यावा; त्याच्या वरच्या कडेला समांतर रेषा काढावी. तशीच सर्वांत कललेल्या खालच्या मणक्याच्या खालच्या कडेची काढावी. या दोन रेषांमधला कोन म्हणजे वक्रता. तो १० अंश किंवा त्याहून अधिक असेल तरच स्कोलिओसिस म्हणतात.

त्याच सुमारास ब्लाऊंट आणि श्मिट यांनी हनुवटीपासून कटीपर्यंत पोचणारा मिलवॉकी पट्टा तयार केला. ह्यूस्टनमध्ये पोलिओने पाठ वाकलेली मुले पॉल हॅरिंग्टनकडे येत. त्याने कण्याला आकडे लावून पोलादी सळीच्या ताणाने तो सरळ धरण्याची पद्धत बसवली आणि १९६२ साली ती प्रसिद्ध केली. हजारो मुलांना तिचा लाभ झाला. पण कमरेचा कणा बाजूने पाहिला तर नैसर्गिकरीत्या पुढे झुकलेला असतो. सळी खालपर्यंत नेलेल्या काही रोग्यांत हा बाक सपाट झाला. पुढे उभे राहताना तोल सावरणे कठीण जाई आणि पाठ दुखू लागे. समोरून सरळ दिसणारा कणा बाजूने बिघडला होता! १९८४ साली फ्रान्सच्या कोत्रेल आणि द्युबुसे यांनी दोन सळ्यांची, तिन्ही मितींचा विचार करणारी पद्धत प्रसिद्ध केली. पुढे मणक्यांत बसवायचे स्क्रूही आले.

कोन आणि वेदना

वेदना कोनाच्या प्रमाणात असते का? अमेरिकेतील आयोवा येथे उपचार न घेतलेल्या रोग्यांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुनाट पाठदुखी ६१ टक्के रोग्यांना होती. तुलनेसाठी घेतलेल्या त्याच वयाच्या लोकांत ती ३५ टक्क्यांना होती. म्हणजे दुखणे खरेच अधिक. पण दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दुखणे दोन्ही गटांत सौम्य किंवा मध्यम होते, आणि बहुतेकांनी कामधंदा, संसार नीट केला होता.

पट्ट्याबद्दलचा वाद २०१३ साली मिटला. वाढीच्या वयातल्या, २० ते ४० अंश वक्रतेच्या मुलामुलींची पाहणी झाली. पट्टा घेतलेल्यांपैकी ७२ टक्क्यांची वक्रता ५० अंशांच्या आत राहिली; नुसत्या निरीक्षणाखाली असलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. जितके अधिक तास पट्टा, तितके यश अधिक. मात्र जवळजवळ निम्म्या मुलांना पट्ट्याविनाही धोका झाला नाही, हेही याच आकड्यांत आहे.

प्रौढांचा प्रश्न वेगळा. त्यांची वाढ संपलेली असते, त्यामुळे पट्ट्याने कणा सरळ होत नाही. दुखते ते बहुधा झिजलेल्या चकत्या, सांधे आणि दबलेल्या नसा यांमुळे. कमरेच्या वक्रतेने त्रस्त प्रौढांवरील एक अमेरिकी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठी टाकून गट पाडले, तरी शस्त्रक्रियेविना राहायचे ठरलेल्यांपैकी ६४ टक्के पुढे शस्त्रक्रियेकडे वळले. त्यामुळे मूळ गटांची तुलना निर्णायक ठरली नाही. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम अधिक पडला होता. पण त्यांच्यापैकी १४ टक्क्यांना दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणून आधी व्यायाम, भौतिकोपचार, वेदनाशामके. दुखणे असह्य होऊन रोजचे जगणे अडले, वक्रता वाढत राहिली किंवा नसांवर दाब आला, तर शस्त्रक्रियेचा विचार, अशी आजची रीत आहे. पायांतली शक्ती कमी होणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे हे लक्षण मात्र थांबून पाहण्याचे नव्हे. लगेच रुग्णालय गाठावे.

आपल्या वर्गात

दहा ते सोळा वर्षांच्या मुलांत शंभरातल्या दोन-तिघांना ही वक्रता असते. मोठ्या कोनापर्यंत ती मुलींत अधिक वेळा जाते. बहुतेकांत कारण सापडत नाही. पाठीवरचे दप्तर किंवा पोक काढून बसणे हे त्याचे कारण नाही. जड दप्तराने पाठ दुखेल, म्हणून ते हलके हवेच. पण दोन गोष्टींची गल्लत नको. एक खांदा उंच असलेल्या, गणवेश एका बाजूला ओढल्यासारखा दिसणाऱ्या मुलीला ‘नीट उभी राहा’ असे चारचौघांत म्हणण्याआधी क्षणभर थांबावे. तिच्या आईवडिलांना बाजूला बोलावून डॉक्टरांना दाखवायला सांगावे. वाढ संपण्याआधीची ती एक-दोन वर्षेच उपचाराला अनुकूल असतात.

मँटेलच्या कण्याचा तो नमुना लंडनच्या संग्रहालयात शतकाहून अधिक काळ होता. १९६९ मध्ये जागा अपुरी पडते म्हणून तो नष्ट करण्यात आला. त्याच्यापासून मिळालेली, पुढे वाकवून पाहण्याची रीत मात्र टिकली. तिला यंत्र लागत नाही, खर्चही येत नाही.