राणीची ‘एम्प्रेस’, कुर्ल्याची ‘स्वदेशी’ आणि तुमच्या कंपनीचं नाव

कंपनी काढायची तर आधी नाव पास व्हावं लागतं, आणि तिथेच भल्याभल्यांची गाडी अडते. आज त्या नावांबद्दल बोलू. सुरुवात मात्र नागपुरातून, दीडशे वर्षांपूर्वीच्या.

१८७४ मध्ये जमशेटजी टाटांनी तिथे कापड गिरणीसाठी कंपनी काढली. कागदावरचं नाव ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी लिमिटेड’. एका दमात म्हणून बघा! शेवटचं ‘लिमिटेड’ हौसेचं नाही बरं का. कंपनी बुडाली तर भागधारकाचं नुकसान शेअरच्या रकमेपुरतंच, घरदार जाणार नाही, अशी सवलत ब्रिटनमध्ये १८५५ च्या कायद्याने दिली आणि भारतात ती १८५७ मध्ये आली. अट एवढीच, की हे नावातच सांगा, म्हणजे उधार देणारा सावध राहील.

पण एवढं लांबलचक नाव कोण घेणार? गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. झालं, गिरणी ‘एम्प्रेस मिल’! सरकारही खूश, नावही तोंडात बसणारं. चलाख काम.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. १८८६ मध्ये याच माणसाने मुंबईजवळ कुर्ल्याची धरमसी मिल घेतली आणि नाव ठेवलं ‘स्वदेशी’. बंगालच्या फाळणीनंतरची स्वदेशी चळवळ १९०५ ची, म्हणजे हे एकोणीस वर्षं आधी! गिरणी मात्र मोडकळीला आलेली, पैसा नुसता गिळायची. तेव्हा जमशेटजींनी एम्प्रेसचे आपले काही शेअर विकून इकडे पैसा ओतला. राणीच्या नावावर कमावलेलं स्वदेशीच्या नावावर लागलं. कुणी याला दुटप्पीपणा म्हणेल. मी नाही म्हणणार. नुसतं नाव मिरवायचं असतं तर ती गिरणी त्यांनी केव्हाच विकली असती.

आज ‘स्पाइस प्लस’ फॉर्मच्या पहिल्या भागात तुम्ही दोन नावं सुचवू शकता. मंजूर झालं की ते वीस दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतात. दुसऱ्याच्या नावाला एखादा ‘एस’ जोडला किंवा स्पेलिंग जरा वाकडं केलं, तर चालत नाही. ‘बँक’, ‘इन्शुरन्स’ असे शब्द हवेत तर त्या क्षेत्राच्या नियामकाची परवानगी लागते. आणि आपल्याकडे हमखास मनात येतं ते छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव. १९५० च्या कायद्याच्या यादीत ते आहे; केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही. त्यामुळे बोर्ड, पिशव्या, व्हिजिटिंग कार्ड छापायची घाई नको, आधी मंजुरी हातात येऊ द्या.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आता मॉल उभा आहे. नाव? एम्प्रेस.