शाहीर साबळे आणि त्यांचे पथक

लोकसंगीत जुने होते ते थांबल्यामुळे. फिरत राहिले तर ते नवेच राहते. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी अकॉर्डियन आणि कपडे घासण्याचा पत्रा यांच्या साथीने ‘झायडेको’ हे संगीत उभे केले. ते अकॉर्डियन आणि आपली बाजाची पेटी ही तर सख्खी भावंडेच! भात्याचा वारा धातूच्या पट्ट्यांवरून जातो व सूर उमटतो. दोन्हींची युक्ती एकच, दोन्ही वाद्ये युरोपातली, आणि दोन्ही परक्या मातीत लोकांची झाली.

आपल्याकडे हे कार्य शाहिरांच्या पथकांनी केले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने डफ-तुणतुण्यातून कामगारांची व्यथा मांडली. वाईजवळच्या पसरणी गावी ३ सप्टेंबर १९२३ रोजी जन्मलेले कृष्णराव साबळे साने गुरुजींच्या संस्कारातून याच वाटेवर आले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून शाहिरांचे डफ कडाडले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळे यांचा आवाज लाभलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ साली राज्यगीत झाले.

परंतु साबळे विजयगीतापाशी थांबले नाहीत. तमाशाच्या बतावणीला सामाजिक आशय देऊन त्यांनी मुक्तनाट्ये रंगविली. ‘आंधळं दळतंय’मध्ये मुंबईतच परका होत चाललेला मराठी माणूस उभा केला. पुढे ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमात वासुदेव, गोंधळी, कोळी, भारूड एका रंगमंचावर आणले. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी ते निवर्तले.

चंडीगडवासी मराठीजनांस या कथेचे मर्म निराळे सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची विभागणी होऊन हरियाणा वेगळा झाला, आणि आपले हे शहर मात्र केंद्रशासित राहिले. मुंबईचे जे टळले ते येथे घडले. येथील ढाडी जत्थे ढड व सारंगीवर वीरगाथा गातात, तेव्हा आम्हांस पोवाडाच आठवतो. नामदेवांची वाणी गुरू ग्रंथसाहिबात जपणाऱ्या या भूमीत आपण उपरे नाही. परंतु आपली मुले मराठी समजतात, बोलत मात्र नाहीत, ही खंत घरोघरी आहे. गणेशोत्सवात ती गोंधळ नि कोळीगीतांवर नाचतात. पाठांतर कंटाळवाणे वाटते, पण ठेका आपोआप अंगी मुरतो. म्हणून ध्वनिमुद्रिका लावून भागणार नाही; डफ, तुणतुणे आणि पेटी त्यांच्याच हाती दिली पाहिजे. ताल धरला की शब्द मागोमाग येतील.